मंगळवारच्या नूडल्स

मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेत एका भगिनीने विचारलं, "वहिनी संध्याकाळच्या पाळीला असल्या की तुमच्याकडे जेवायला काय असतं हो?" मी "नूडल्स" म्हणालो आणि तिथेच फसलो. मागे संपादक उभे होते.

मंगळवारी आणि गुरुवारी ही हॉस्पिटलमधून रात्री साडेअकराला येते. मी लॅबमधून सहाला घरी पोचतो आणि साडेआठला मुलीला झोपवायचं असतं. एवढ्या वेळात पोळ्या लाटणं मला आजवर जमलेलं नाही. पहिले काही महिने आम्ही बापलेक टीव्हीसमोर दुधात सीरियल कालवून जेवलो. शनिवारी सांगलीहून आई फोनवर विचारायची, "नातीला जेवायला काय घालतोस रे?" मी "वरणभात" म्हणून ठोकून द्यायचो. एकदा मुलीनेच फोन हिसकावून खरं काय ते सांगितलं. आई रागावली नाही, नुसती गप्प झाली. ते जास्त लागलं.

पुढच्या मंगळवारी नूडल्स केल्या. उकळत्या पाण्यातून उचलून थेट पॅनमध्ये टाकल्या, वर सगळ्या भाज्या एकदम. मुलीने चमचा बुडवून विचारलं, "बाबा, ही खीर आहे का?"

आईला हेही कळलंच. ती म्हणाली, "अरे, शेवयांचा उपमा करताना शेवया चाळणीत निथळवून तेलाचा हात लावतो ना आपण? मग?"

रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन हे मला सुचू नये! एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० कॅलरी लागतात, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. म्हणजे ओल्या नूडल्स टाकल्या की शेगडीची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते आणि पॅन १०० अंशांच्या आसपास अडकून बसतो. नूडल्सना जो खमंगपणा हवा तो साधारण १४० अंशांच्या पुढे भराभर येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार्ड यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही प्रक्रिया. आपली पोळी तव्यावर डागाळते तीही त्यातूनच.

तेव्हा नूडल्स सकाळीच उकडा. तिघांना २०० ग्रॅम पुरतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी चाळणीत ओता, थंड पाण्याखाली धरा, पूर्ण निथळू द्या, चमचाभर तेल चोळून डब्यात भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत त्यातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून संध्याकाळी त्या परतताना तुटत नाहीत. कोबी, गाजर, सिमला मिरची आदल्या रात्री चिरून ठेवली तर उत्तम. मात्र धुतलेली भाजी कोरडी हवी.

आपल्या अपार्टमेंटमधल्या इलेक्ट्रिक शेगड्या मंद. लोखंडी पॅन रिकामाच चार-पाच मिनिटं तापवा. (नॉनस्टिकचा नको! २६० अंशांच्या वर त्याचा थर विघटित होऊ लागतो.) खिडकी उघडा, नाहीतर स्मोक अलार्म कोकलतो आणि शेजारची आजी दार ठोठावते. दोन चमचे तेल, त्यावर आलं-लसूण, लगेच भाजी. तीही दोन खेपांत, दोन-दोन मिनिटं. मीठ आधी घालू नका, भाजीला पाणी सुटतं. भाजी बाजूला काढून नूडल्स पसरा आणि मिनिटभर अजिबात ढवळू नका. हे सर्वांत अवघड. मग भाजी परत घाला, दोन चमचे सोया सॉस पॅनच्या कडेने सोडा, चिमूटभर साखर, थोडं व्हिनेगर. सोया सॉस खारट असतो, मीठ चाखूनच घाला. अंडं चालत असेल तर आधीच वेगळं परतून ठेवा. पॅन तापल्यापासून बारा मिनिटांत ताटं वाढून होतात.

अजिनोमोटोबद्दल बरेचजण विचारतात. १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. त्याचंच हे मीठ. ग्लुटामेट टोमॅटोतही असतं आणि सोया सॉसमध्ये तर भरपूर. म्हणून मी वेगळं घालत नाही, पण घालणाऱ्याशी भांडतही नाही.

आता मंगळवारी टीव्ही बंद असतो. मुलगी ताटं मांडते आणि शनिवारी आजीला मीठ कमी पडलं की जास्त, याचा अहवाल देते. हिचा वाटा मी व्हिनेगर घालण्याआधी डब्यात काढतो. तिला ते चालत नाही.