विमानाच्या इंजिनाचा ताप

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीर हें गांव आहे. किल्ला आणि तांब्यापितळेचीं भांडीं यांसाठीं खानदेश त्याला ओळखतो. तेथील तांबटाला एक गोष्ट पुस्तकावांचून ठाऊक असते : तांबें ठोकीत गेलें कीं कठीण होतें आणि लाल तापविलें कीं पुनः मऊ पडतें. मग तें पाण्यांत बुडविलें तरी पोलादाप्रमाणें कडक होत नाहीं.

जुन्या लहान विमानाच्या इंजिनाशीं ज्याची गांठ पडते, त्यालाहि हेंच ज्ञान लागतें. ठिणगी पाडणाऱ्या प्लगाखालीं तांब्याचें वॉशर असतें. दबून कठीण झालेलें वॉशर न तापवितां पुनः बसविलें, तर जळते वायु तेथून निसटतात, प्लगाची उष्णता सिलिंडरांत उतरत नाहीं आणि चांगला प्लगहि पांढरा पडतो. एवढ्यावरून ‘इंजिन झिजलें’ असा निकाल देणारे कमी नाहींत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तें पस मॉथ विमानानें. त्याचें जिप्सी इंजिन चार सिलिंडरांचें, वाऱ्यानें थंड होणारें आणि उलटें, म्हणजे सिलिंडर खालीं लोंबणारें असे. टायगर मॉथचें इंजिनहि त्याच कुळांतलें; वायुदलानें असें एक विमान दुरुस्त करून २०१२ सालीं पुनः उडविलें.

अशा इंजिनाला ताप आला, तर पहिला प्रश्न हा कीं, तो एका सिलिंडराला आहे कीं चौघांना? चौघेहि तापले असतील, तर पेट्रोलाचें प्रमाण कमी पडलें आहे, ठिणगीची वेळ चुकली आहे किंवा तेल उणें आहे. एकच तापला असेल, तर दोष त्याच्याजवळच शोधावा. मागील सिलिंडरांना वारा पोंचतो तो केवळ पत्र्यांच्या आडोशांनीं वळविल्यामुळें. एखादा पत्रा सुटला, तरी तेवढ्यानें मागला सिलिंडर भाजूं लागतो.

प्लगांची साक्ष मोलाची असते. तपकिरी रंग निरोगी, कोरडी काजळी पेट्रोलाच्या अतिरेकाची, तेलाचा ओलावा बहुधा झिजलेल्या कड्यांचा. १९३० सालीं इंग्लंड-हिंदुस्थान उड्डाणाच्या चढाओढींत इजिप्तमधील अबूकीर येथें एस्पी इंजिनिअर यांची प्लगांवांचून अडचण झाली. प्रतिस्पर्धी टाटांनीं स्वतःजवळचे जादा प्लग त्यांना दिले. बक्षीस इंजिनिअर यांनीं मिळविलें!

त्यानंतर पंखा हातानें हळूहळू फिरवून प्रत्येक सिलिंडराचा दाब अजमावतात. एखादा नरम लागला तर कान द्यावा : फुसकारा धुराड्यांतून आला तर बाहेरची झडप गळते, कार्बुरेटरांतून आला तर आंतली, इंजिनाच्या पोटांतून आला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या. मात्र स्विच बंद आहे म्हणून पंखा निर्जीव समजूं नये. मॅग्नेटोची एक तार तुटलेली असली, तरी ठिणगी पडते आणि फिरविणाराचा हात किंवा जीव जातो.

उलट्या इंजिनांत रात्रभर तेल कड्यांवरून खालीं झिरपतें. म्हणून सकाळचा निळा धूर हा झिजेचा पुरावा नव्हे. बराच वेळ चालल्यावरहि तो राहिला तर गोष्ट वेगळी. तेलाचा दाब थंडपणीं ठीक असून तापल्यावर घसरला तर बेअरिंगें सैल झालीं असावींत. पण तापलेलें तेल पातळ होऊनहि दाब उतरतो. यासाठीं आधीं तापाचें कारण दूर करावें, दाब पुनः पाहावा, आणि तरीहि तो उणाच राहिला तर तेलाच्या गाळणींतील कण लोहचुंबकाला लावून पाहावे. चिकटले ते पोलादाचे. न चिकटणारे पिवळसर कण आढळले, तर मात्र इंजिन उघडण्यावांचून गत्यंतर नाहीं.