आधी टेकू, मग स्क्रू

मंडळी, ओट्यावरचं जुनं कपाट काढायचं म्हटलं की आपण आधी काय शोधतो? स्क्रूड्रायव्हर. मी म्हणतो, आधी टेकू शोधा. का, ते सांगतो.

भिंतीवरचं कपाट उभं नसतं, लटकलेलं असतं. वजन पुढे, आधार मागे. त्यामुळे कपाटाची वरची कड भिंतीपासून सुटू पाहते आणि खालची कड भिंतीवर दाबली जाते. म्हणजे खरा भार वरच्या स्क्रूंवर. ते आधी काढलेत, तर कपाट पुढे कलंडतं, थेट तुमच्या अंगावर.

मग क्रम कसा? कपाट रिकामं करा. मेन स्विच आणि गॅस बंद करा. मागून वायर किंवा गॅसची नळी गेलेली असू शकते. दारं बिजागऱ्यांसकट उतरवा, वजन बरंच कमी होतं. टाइल्सच्या कडेचं सिलिकॉन कटरने कापा, नाहीतर टाइलही सोबत येते. आता ओट्यावरून टेकू लावा, दुसऱ्याला कपाट धरायला सांगा. मगच शेजारच्या कपाटाशी जोडणारे स्क्रू सोडवा. त्यानंतर भिंतीतले खालचे, आणि वरचे अगदी शेवटी.

एखादा स्क्रू गंजून अडला तर पहार घालू नका. आतली भिंत बऱ्याचदा चारच इंची असते, गिट्टीसकट प्लास्टर निघतं. चार्जिंगच्या ड्रिलने स्क्रूचं डोकं उडवा, उरलेलं टोक नंतर पकडीने काढा.

सुतार दोन माणसांची मजुरी सांगतो, आपण एकावर भागवू बघतो. अहो, तो दुसरा माणूस जादा नसतो. शेवटचा स्क्रू निघतो, तेव्हा कपाट त्याच्याच हातावर असतं.