मासे गरवायला कोकणात जायचंय? शनिवार-रविवार नंतर बघा, आधी तिथी बघा

मोबाईलवरचं रील बघून हातात खरं रील येतं, असं हल्ली बऱ्याच जणांचं होतंय. कोकणातल्या खडकावर उभं राहून कुणीतरी भलीमोठी तांबोशी ओढून काढतो, तो व्हिडिओ ग्रुपवर पडतो, रॉड ऑनलाइन मागवला जातो आणि "या शनिवारी जाऊया" असं ठरतं. मंडळी पहाटे पुण्यातून निघतात, वाटेत मिसळ होते, अकरा वाजता खाडीवर पोहोचतात आणि समोर असतो नुसता चिखल.

पाणी गेलेलं असतं. पाण्याबरोबर मासेही.

गावातला माणूस गरवायला जाताना वार बघत नाही, तिथी बघतो. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं एक सोपं गणित आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. जे उत्तर येईल, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. आज षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारला पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेअकराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अकराला पोहोचलेल्यांना चिखल का दिसला, ते आता कळलं असेल.

हे उत्तर मिनिटामिनिटाला जुळत नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोहोचते. नेमकी वेळ हवी तर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचे भरती-ओहोटीचे तक्ते बघता येतात. उंच लाटांचा इशाराही तीच संस्था देते.

आता भरतीचा आणि मासा लागण्याचा संबंध काय?

खाडीत भरतीचं पाणी चढायला लागलं की त्याच्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी आत येते. तिच्या मागावर जिताडा, तांबोशी, हेकरू असे शिकारी मासे येतात. पाणी वाहतं आहे तोवर ते खातात, थांबलं की तेही थंडावतात. म्हणून भरती पूर्ण होण्याआधीचे दोन-अडीच तास आणि ओहोटी लागतानाचा सुरुवातीचा वेळ सोन्यासारखा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आणि गढूळ असतं, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ते फारसं हलतच नाही. या दोन्हींच्या मधले दिवस नवख्या माणसाला बरे.

सामानाचं म्हणाल तर महागड्या रॉडपेक्षा ताजी कोळंबी जास्त कामाची. गरी, तंगूस, शिसं, गरी काढायला पक्कड आणि डोक्याला टोपी एवढ्यावर दिवस निघतो.

पण तिथी बघायचं दुसरं कारण माशांपेक्षा मोठं आहे. ओहोटीला कोरड्या पायांनी ज्या खडकावर चालत गेलात, तिथून परत येताना वाट राहिलेली नसते. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढं चढतं, त्यामुळे "अजून बराच वेळ आहे" असं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र जवळपास निम्मं पाणी चढून जातं. मुंबईच्या बाजूला उधाणाला ओहोटी आणि भरतीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. खाली सिंधुदुर्गात तो कमी असतो, पण माणूस अडकायला तेवढाही पुरतो. म्हणून पाठीमागची वाट कोणत्या बाजूने बुडते, हे गरी टाकायच्या आधी गावात विचारून घ्यायचं.

होडीतून जायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै हा काळ विसरा. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बऱ्याच माशांचा तो विणीचा हंगाम आणि समुद्रही खवळलेला. मालवणच्या बाजूला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतं, त्यामुळे तिथे मनाला येईल तिथे गरी टाकता येत नाही.

समुद्र नको, नदी बरी, असं वाटत असेल तर तिथे प्रश्न परवानगीचा आहे. बहुतेक धरणांचे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. पाणी सरकारी असलं तरी त्यात सोडलेल्या बीजाला संस्थेने पैसे मोजलेले असतात. त्यामुळे संस्थेच्या माणसाला आधी भेटणं हा नुसता शिष्टाचार नाही. कोयना, चांदोलीसारख्या अभयारण्यांत तर विषयच संपला. धरणाखाली नदीपात्रात बसला असाल आणि भोंगा वाजला, तर सामान तिथेच टाकून वर या. वर ऊन असलं तरी खाली पाणी सोडलं जातं.

नदीत महसीर लागला तर फोटो काढा आणि पाण्यातच सोडा. १८३९ साली कर्नल साईक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्याच्या नावात ‘खुद्री’ हा इथलाच शब्द ठेवला. आज पुण्यात मुळा-मुठेच्या काठी उभं राहून हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहात मात्र गावकऱ्यांनी हा मासा देवाचा म्हणून राखला आहे. तिथे चुरमुरे टाकायचे, गरी नाही.

समुद्रावरही सगळं घरी न्यायचं नसतं. बोटाएवढी पिल्लं सोडून द्यायची. अंगाला हात लागताच फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर तो जाळीवर भाजायचा विचारही नको, त्याचं विष शिजवून जात नाही. शिंगाळ्याच्या काट्याने हात फाटतो, म्हणून त्याला फडक्यात धरून पकडीने गरी काढायची. तुटलेलं तंगूस खिशात घालून परत आणायचं. खडकात राहिलेल्या दोऱ्यात पक्षी आणि कासवं अडकतात.

निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाला तरी सांगून जा, कुठल्या खडकावर चाललोय आणि भरती किती वाजता आहे ते. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, पण खडकाच्या त्या टोकाला फोनला रेंज असेलच असं नाही.