चाकू, पट्टा आणि काच

केळापूर तालुक्यातून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. या वाटेने मोटारीतून जाताना खिशात चाकू असावा का? विदर्भातलीच घटना पाहा. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूर–पुणे बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली. 25 प्रवासी दगावले. खिडकीची काच फोडून काही थोडे वाचले.

मोटार उलटली की शरीराचे वजन पट्ट्यावर येते आणि खटका अडकू शकतो. येथे चाकू उपयोगी. ताणलेल्या पट्ट्याचे काही धागे तुटताच उरलेल्यांवर ताण वाढतो, म्हणून तो चटकन कापला जातो. मात्र पात्याची धार अंगापासून दूर हवी.

काचेचे तसे नाही. बाजूची काच तापवून झटकन थंड केलेली असते. तिचा पृष्ठभाग दाबाखाली, तर गाभा ताणाखाली असतो. चीर गाभ्यापर्यंत गेली की साऱ्या काचेचा चुरा! पण चाकूचे पोलाद काचेहून फारसे कठीण नाही. टोक घसरते आणि घडीचे पाते मिटून बोटेच कापतात. त्यासाठी टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची लहान हातोडी बरी. घाव मध्यावर नव्हे, कोपऱ्याजवळ घालावा. समोरची काच मात्र सोडून द्यावी. तिच्या दोन थरांमधला प्लॅस्टिकचा पापुद्रा तुकडे धरून ठेवतो.