शब्द आधी घरात रुजतो

जानेवारी १८०० मध्ये दक्षिण फ्रान्समधील आवेरों भागात, रानात एकटाच वाढलेला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला एकही शब्द बोलता येत नव्हता. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत त्याला नेले, तेव्हा तेथील नामांकित वैद्यांनी ‘हा जन्मतः मतिमंद’ असा निर्वाळा दिला. तरुण डॉक्टर इतार यांना मात्र ते पटले नाही. माणसांचा सहवास नाही म्हणून भाषा नाही, असे त्यांचे म्हणणे. मुलाचे नाव त्यांनी व्हिक्टर ठेवले आणि सुमारे पाच वर्षे त्याला शिकवले.

फ्रेंच भाषेत दुधाला ‘ले’ म्हणतात. व्हिक्टर तो शब्द उच्चारी, पण दूध समोर आल्यावर आनंदाने, मागण्यासाठी नव्हे. पुढे सुटी अक्षरे जुळवून तो शब्द मांडायला शिकला. एकदा ओळखीच्या घरी जाताना ती चार अक्षरे त्याने आपणहून खिशात घालून नेली आणि टेबलावर मांडून दूध मागितले! सांभाळ करणाऱ्या गेरँबाईंचे यजमान वारले, तेव्हा सवयीने त्यांचे ताट मांडणाऱ्या व्हिक्टरने बाईंचे अश्रू पाहून ते मुकाट्याने उचलले. माया होती, समज होती. बोलणे मात्र अखेरपर्यंत आले नाही. १८२८ मध्ये तो वारला.

त्याच्यात मुळातच काही उणीव होती काय, हा वाद आजही मिटलेला नाही. तरीही आम्हा शिक्षकांना एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या वयात भाषा आपोआप रुजते, ते वय हुकले तर निष्णात गुरूचे कष्टही अपुरे पडतात.

सीमाभागात मराठी शाळांसाठी आम्ही सभा घेतो, निवेदने देतो. ते केलेच पाहिजे. पण सहाव्या वर्षी शाळेत येणारे मूल आपली मराठी घरूनच घेऊन येते. ती आजीच्या गोष्टीत, चुलीपाशी, शेताच्या बांधावर मिळते. तान्ह्याच्या हाती मोबाईल देऊन गप्प बसवले, तर ती कोठून येणार?

पालकहो, मुलांशी भरभरून बोला, त्यांचे बोबडे बोल ऐकून उत्तर द्या. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर त्याला मुके ठरवण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. मराठीची पहिली शाळा तुमच्या घरातच भरते.