मोरबीचा झुलता पूल का तुटला? ४९ तारांचं गणित

गुजरातमधल्या मोरबी शहरातला झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी तुटला आणि १३५ जणांचा जीव गेला. कित्येक महिन्यांच्या दुरुस्तीनंतर तो २६ ऑक्टोबरला, म्हणजे फक्त चार दिवस आधी, पुन्हा उघडला होता. मग दुरुस्ती नक्की कशाची झाली होती? हे कळायला आधी असा पूल उभा कसा राहतो ते बघूया.

पुलाचा इतिहास

मोरबी संस्थानचे राजे वाघजी ठाकोर यांच्या काळात मच्छू नदीवर हा पूल बांधला गेला. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर रिचर्ड टेम्पल यांनी १८७९ साली त्याचं उद्घाटन केलं. लांबी सुमारे २३० मीटर, रुंदी फक्त सव्वा मीटर. फक्त पायी चालणाऱ्यांसाठीच हा पूल होता. पुढे तो शहराची ओळख बनला आणि तिकीट काढून लोक तो बघायला येऊ लागले.

वजन जातं कुठे?

तुम्ही झुलत्या पुलावर पाय ठेवला की तुमचं वजन आधी पायाखालच्या फळीवर येतं. तिथून ते उभ्या सळ्यांमधून मुख्य केबलवर जातं आणि केबल ते काठावरच्या अँकरपर्यंत पोचवते. या साखळीतली एक कडी जरी कमजोर असली, तरी बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नाही.

केबलवरचा ताण पुलावरच्या वजनाएवढाच असतो, असं वाटू शकतं. पण तसं नाही. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोरी जितकी ताठ बांधाल, तितका ओल्या कपड्यांनी खिळा लवकर उपटतो. केबलचा झोळ लांबीच्या दहाव्या भागाइतका असेल, तर आडवा ताण एकूण वजनाच्या सव्वा पट होतो. झोळ कमी, तर ताण आणखी जास्त.

४९ पैकी २२

राज्य सरकारने नेमलेल्या विशेष तपास पथकाने प्राथमिक अहवालात मुख्य केबलची रचना दिली आहे. केबलमध्ये ७ पेड, प्रत्येक पेडात ७ तारा, म्हणजे एकूण ४९ तारा. त्यातल्या २२ तारा गंजलेल्या होत्या आणि दुर्घटनेच्या आधीच तुटलेल्या असाव्यात, असं पथकाला आढळलं. उरल्या २७.

आता साधा भागाकार करा. ४९ तारांचं काम २७ तारांवर आलं, म्हणजे प्रत्येक तारेवर सुमारे १.८ पट ताण. त्यात एखादी तार तुटली की तिचा वाटा उरलेल्यांवर पडतो, मग पुढची तुटते. सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये एक मशीन पडल्यावर बाकीची लोडने धडाधड पडतात, तसंच हे. त्या वेळी पुलावर सुमारे ३०० माणसं होती.

दुरुस्तीत काय बदललं, तेही अहवालात आहे. सुट्या लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे पॅनेल बसवले. जुन्या उभ्या सळ्यांना नव्या सळ्या वेल्डिंगने जोडल्या, खरंतर तिथे एकसंध सळी हवी होती. थोडक्यात, लोकांना दिसणारा भाग नवा झाला आणि भार पेलणारी केबल जुनीच राहिली.

टेस्टिंग कुठे होतं?

पूल उघडण्याआधी भार चाचणी झाली नव्हती, हेही अहवालात नमूद आहे. ही चाचणी समजायला अवघड नाही. वाळूची पोती किंवा पाण्याच्या टाक्या टप्प्याटप्प्याने ठेवायच्या आणि पूल किती खाली येतो ते मोजायचं. मग वजन काढायचं आणि पूल मूळ जागी परत येतो का ते बघायचं. त्यावरून एका वेळी किती माणसं सोडायची ते ठरतं, आणि तो आकडा दारावर पाळावा लागतो.

तुमच्या गावातला जुना पूल रंगरंगोटी होऊन उघडला, तर तीन प्रश्न जरूर विचारा: भार चाचणी कधी झाली, एका वेळी किती माणसांना परवानगी आहे, आणि ती मोजणार कोण?