विलायती वृत्तपत्रांचे पक्षांतर

मतदानाच्या आदल्या दिवशी एखाद्या वृत्तपत्राने ‘अमुक पक्षास मत द्यावे’ असे स्वतःच्या नावाने छापावे, ही गोष्ट आपल्याकडील वाचकास काहीशी चमत्कारिक वाटते. आपली पत्रे पक्षपात करीत नाहीत असे नव्हे. परंतु तो बहुधा बातमीच्या मांडणीत आणि छायाचित्राच्या आकारात दडलेला असतो. ब्रिटनमध्ये तो उघड असतो. तेथे नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर निःपक्षपातीपणाचे बंधन आहे, वृत्तपत्रांवर नाही. ‘डेली मिरर’ मजूर पक्षाचा आणि ‘डेली टेलिग्राफ’ हुजूर पक्षाचा, हे तेथील वाचक पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. म्हणूनच एखादे पत्र बाजू बदलते तेव्हा तीच एक मोठी बातमी होऊन बसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘द सन’चे होय. मजूर चळवळीच्या ‘डेली हेरल्ड’च्या जागी हे पत्र १९६४ साली निघाले आणि १९६९ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी ते विकत घेतले. १९७० च्या निवडणुकीत त्याने जुन्या घराण्याचा मान राखून मजूर पक्षासच पाठिंबा दिला. मधल्या काही डळमळीनंतर १९७९ साली ते मार्गारेट थॅचर यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि पुढे अनेक वर्षे तेथून हलले नाही.

९ एप्रिल १९९२ रोजी मतदान होते. त्या सकाळी ‘सन’च्या पहिल्या पानावर मजूर नेते नील किनॉक यांचे मस्तक विजेच्या दिव्यात बसविलेले होते, हे गृहस्थ जिंकले तर देश सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, अशी खाली विनंती होती. हुजूर पक्ष निवडून आला. दोन दिवसांनी पत्राने विजयाचे सारे श्रेय स्वतःकडेच घेणारा मथळा छापला. त्या मथळ्याचे इंग्रजी हेतुपुरस्सर इतके अशुद्ध होते, की शाळामास्तराचा हात आपोआप तांबड्या शाईकडे जावा! किनॉक यांनीही पक्षनेतेपद सोडताना पराभवाचे माप हुजूरधार्जिण्या पत्रांच्या पदरात घातले. जेत्याने व पराजिताने एकच कारण सांगितल्यावर लोकांनी ते खरे मानले, यात नवल नाही. पुढे २०१२ साली लेव्हसन चौकशीपुढे खुद्द मर्डॉक यांनी तो मथळा अभिरुचिहीन व चुकीचा होता असे सांगितले.

आता १९९७ कडे पाहावे. १७ मार्च रोजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी निवडणूक जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी ‘सन’ने टोनी ब्लेअर यांना पाठिंबा दिला. उगवत्या सूर्यास नमस्कार करण्याची रीत जगजाहीर आहे. येथे नावाने सूर्य असलेले पत्रच उगवत्या पुढाऱ्यास नमस्कार करीत होते. कारण सप्टेंबर १९९२ मध्ये पौंडाची घसरगुंडी झाल्यापासून मेजर सरकारची पत ओसरली होती, आणि मतचाचण्यांत मजूर पक्ष चार वर्षांहून अधिक काळ पुढे होता. पत्राचे लक्षावधी वाचक आधीच तिकडे गेले होते; त्यांच्या मागोमाग पत्र गेले. या पाठिंब्याचा परिणाम मुळीच झाला नाही असेही म्हणवत नाही. बाजू बदललेल्या पत्रांच्या नियमित वाचकांपैकी शेकडा १० ते २५ जणांचे मत त्यामुळे वळले असावे, असा निष्कर्ष लॅड व लेन्झ या अमेरिकन अभ्यासकांनी २००९ मध्ये मांडला. इतर अभ्यासकांना हा परिणाम याहून पुष्कळ कमी वाटतो. माझ्या मते मतांच्या या हिशेबात खरी गोष्ट बाजूला राहते.

ती अशी, की पत्राचा पाठिंबा मिळण्यापूर्वी पुढाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागते. जुलै १९९५ मध्ये ब्लेअर ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर मर्डॉक यांच्या कंपनीच्या मेळाव्यात भाषण करण्यासाठी गेले. विरोधी पक्षाच्या नेत्याने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास जावे, ते मतदारांना भेटण्यासाठी खचितच नव्हे. पुढे ऐन प्रचारकाळात पौंडावरील आपले प्रेम व्यक्त करणारा लेख त्यांनी ‘सन’मध्ये लिहिला. युरोपच्या सामाईक चलनाबद्दल त्या पत्राचा तिटकारा सर्वांस ठाऊक होता. पत्राने मतदार वळविला की नाही हा वाद चालू राहील. पक्षास मात्र त्याने पुष्कळच वळविले. १९३१ साली स्टॅन्ले बॉल्डविन यांनी बीव्हरब्रुक व रॉदरमिअर या पत्रमालकांवर जबाबदारीवाचून सत्ता भोगू पाहण्याचा आरोप केला होता, तो याच दुखण्याबद्दल.

प्रत्येक पक्षांतर असेच असते असे मात्र नाही. ‘फायनान्शियल टाइम्स’ने १९९२ साली आपल्या धनिक वाचकांच्या कलाविरुद्ध मजूर पक्षाची बाजू घेतली, ‘गार्डियन’ने २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाची. ही मते चूक असतील, पण वारा पाहून दिलेली नव्हती. येथे आपल्या आगरकरांची आठवण होते. सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यावर १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. तेथे मत कायम राहिले आणि संपादकाने पत्र बदलले. ‘सन’च्या कथेत मालक कायम राहतो, आणि मत बदलते.

३० सप्टेंबर २००९ रोजी, पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या पक्षपरिषदेतील भाषणाच्या दुसऱ्या दिवशी, ‘सन’ने मजूर पक्षाची साथ सोडली. २०१५ मध्ये तर त्याच्या इंग्लंडातील आवृत्तीने हुजूर पक्षास आणि स्कॉटलंडमधील आवृत्तीने स्कॉटिश राष्ट्रीय पक्षास मत मागितले! एकाच छत्राखाली दोन धर्म, कारण गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. २०२४ साली मतदानास जेमतेम एक दिवस उरला असता ते पुन्हा मजूर पक्षाकडे आले. त्या वेळी जनमताचा कौल महिनोन्‌महिने उघड होता, आणि १९९२ मध्ये सुमारे ३५ लाख खपाची ऐट मिरविणाऱ्या या पत्राने आपल्या खपाचे आकडे प्रसिद्ध करणे २०२० पासूनच बंद केले होते. त्याच मालकाच्या ‘द टाइम्स’ने त्या निवडणुकीत कोणाही एका पक्षास पाठिंबा देण्याचे टाळले.